तीन-चार महिन्यांचं खोटं

डॉक्टरांनी विचारलं, "ही धडधड कधीपासून होते?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झाले असतील तीन-चार महिने."

खरं उत्तर सहा वर्षं होतं. पण माझ्या एका बाजूला लेक बसली होती आणि दुसऱ्या बाजूला तिची सासू, म्हणजे माझ्या विहीणबाई. त्यांच्यादेखत सहा वर्षं म्हणायला माझी जीभच रेटेना.

मी नायगावची, आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. लेक लातूरला दिली आहे. आमच्या ह्यांना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून माझं दुखणं विहीणबाईंनी अंगावर घेतलं होतं. हैदराबादचे हृदयाचे डॉक्टर महिन्यातून एकदा लातूरला येतात. त्यांच्याकडे भल्या सकाळी जाऊन नंबर लावला तो त्यांनीच. बाई तोंडानं फटकळ, पण करण्यात कुठं कमी पडणार नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा ताल बिघडलाय. जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि ताल बिघडवणाऱ्या जागा आतून डागायच्या. ह्याला अॅब्लेशन म्हणतात, आणि ते हैदराबादला जाऊन करायचं.

"डागायचं म्हंजे?" विहीणबाईंनी विचारलं. "बिब्बा घालत्यात तसं?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

काहींचा त्रास ह्यानं कायमचा जातो, काहींचा परत येतो. कुणाचा परत येईल हे आधी कळावं म्हणून डॉक्टरांच्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम होता. आधीच्या पुष्कळ पेशंटांचं पुढं काय झालं, ते पाहून पाहून तो शिकलेला. आपलं वय, बीपी, शुगर, हृदयाच्या सोनोग्राफीतली मापं आणि त्रास किती दिवसांचा आहे, एवढं भरायचं, मग तो अंदाज सांगतो. डॉक्टरांनी माझे तीन महिने भरले, बटण दाबलं, आणि पडद्यावर लांबलचक हिरवा पट्टा उमटला.

"हिरवं आलं की हो मॅडम!" विहीणबाईंनी माझा हात दाबला. मला त्या पहिल्यापासून मॅडम म्हणतात, अर्धं कौतुकानं, अर्धं टोमण्यानं. "उगं घाबरून राहिल्या तुमी."

खरी घाबरले ती मी तेव्हा. शाळेत मी कॉपी करणारी कितीतरी पोरं पकडली. पोराच्या तोंडाकडं पाहिलं तरी कळायचं. ह्या प्रोग्रामला माझं तोंड दिसत नव्हतं. त्यानं मुकाट्यानं मला डिस्टिंक्शन देऊन टाकलं होतं, आणि त्या कॉपीच्या मार्कांवर आता माझ्या काळजात तार घालणार होते.

पहिली धडधड झाली ती लेकीला बघायला ही मंडळी आमच्याकडं आली त्याच आठवड्यात. मी एकटीच गुपचूप नांदेडला गेले, ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले ठोके अनियमित आहेत, मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी तो कागद घडी करून कपाटात साड्यांच्या तळाशी घातला. कारण बघायच्या कार्यक्रमात चहा पिता पिता विहीणबाईंनीच सांगितलं होतं, "ह्याच्या आधीची एक सोयरीक आमी मोडली. पोरगी चांगली होती, पन आईला हार्टचं हाय असं कळलं. जानूनबुजून कोन पदरात घेतंय?" आमच्या ह्यांना माझ्या धडधडीचं काहीच ठाऊक नव्हतं. ते छाती पुढं काढून म्हणाले, "आमच्यात तसलं काय न्हाई. सगळे ठणठणीत." मी चिवड्याची बशी पुढं केली.

मग लग्न झालं. मग लेकीचं बाळंतपण. पाणी नाकातोंडाशी आलं तेव्हा दवाखान्यात आले, आणि आल्या आल्या पुन्हा तेच खोटं.

बाहेर बाकावर बसलो तर नर्सनं एक फॉर्म आणून दिला. वर छापलेलं, त्रास तीन महिने. खाली, वरील माहिती खरी आहे, सही. शेजारी विहीणबाई फोनवर त्यांच्या मुलाला, माझ्या जावयांना, सांगत होत्या, "आठ दिस दुकान तू बघ. म्या मॅडमसंगं हैदराबादला जानार हाय." सही केली तर तिथं टेबलावर माझं काय होईल सांगता येत नव्हतं. खरं सांगितलं तर माझ्या लेकीला जन्मभर काय काय ऐकावं लागेल, ते मात्र सांगता येत होतं. ठोके इतके सैरभैर झाले की कानात ऐकू यायला लागले. मला मरायचं नव्हतं. एवढं साधं होतं ते.

मी फॉर्म घेऊन उठले आणि एकटीच आत गेले. "डॉक्टरसाहेब, तीन महिने नाही. सहा वर्षं."

ते रागावले नाहीत. त्यांनी तेवढा एक आकडा बदलला. हिरवा पट्टा आखडत गेला आणि पिवळा झाला. "करता येईल," ते म्हणाले, "पण परत त्रास होण्याची शक्यता बरीच आहे. कदाचित दोनदा करावं लागेल. घरच्यांना बोलवा, त्यांना पुन्हा नीट सांगायला हवं."

दोघी आत आल्या. डॉक्टरांनी सहा वर्षं म्हटलं आणि लेकीनं मान खाली घातली. विहीणबाई माझ्याकडं पाहत राहिल्या. दुकानदारीण बाई, हिशेबाला पक्की.

"म्हंजे आमी बघाय आलो तवाच?"

"हाव," मी म्हणाले.

त्या गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून उभ्या राहिल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "हिचाबी काढा. सुनेचा. ईसीजी."

हा आजार सहसा तसा आईकडून येत नाही, डॉक्टर सांगून पाहत होते, पण बाई ऐकेनात. लेकीला आडवं केलं, हातापायाला चिमटे लावले. मशीनमधून कागद सरकत यायला लागला. स्वतःसाठी भ्याले नव्हते एवढी मी त्या कागदाला भ्याले. देवा, तिचं सरळ येऊ दे, माझं पिवळ्याचं लाल कर, पण तिचं सरळ येऊ दे.

"नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले.

मी भिंतीला टेकले. विहीणबाईंनी हात पुढं करून कागद मागून घेतला, नीट घडी केली आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

"हे कशाला, आत्याबाई?" लेकीनं विचारलं.

"उद्या आपल्या पोरीला बघाय येतील तवा इचारतील, आईला काय हाय का म्हनून. दाखवाय होईल."

पोरगी, म्हणजे आमची नात, अजून बालवाडीत आहे.

दाराशी आल्यावर त्या थांबल्या. मला वाटलं, आता बोलणार. "हैदराबादची गाडी सोमवारची सांगते," त्या म्हणाल्या. "आन् मॅडम, तितं इचारलं तर खरं सांगा."