कमरेचं रिव्हॉल्व्हर

काल शिवणयंत्राला तेल घातलं आणि त्या वासानं सिल्वासातल्या टोकरखाडा भागातलं आमचं घर आठवलं. हे तिथे कारखान्यात मॅनेजर होते. संपात कुणीतरी धमकी दिली, तेव्हापासून तेल दिलेलं छोटं रिव्हॉल्व्हर रोज कमरेला लावत. भाजी आणायला जातानासुद्धा! मी सांगून सांगून थकले.

एका सकाळी संपाचा पुढारी सुकदेव दारात आला. ह्यांचा हात झटकन कमरेवर गेला. सुकदेवनं तो पाहिला.

"साहेब, पोरीचं लगन आहे," म्हणत त्यानं कुंकू लावलेली पत्रिका उंबऱ्यावर ठेवली आणि वळला.

"बघितलंत?" मी कडाडले.

"सावध राहावं लागतं," हे म्हणाले.

तेव्हा ह्यांचाच राग आला होता. आता वाटतं, मी तरी सुकदेवला हाक मारून आत का बोलावलं नाही?