क्रुसाशी भांडणारी मॅगीमावशी

मॅगीमावशी देवाशी भांडायची, आणि तेही भर रस्त्यात. मरोळला आमच्या गावठाणात गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे. बाजारातून येताना मासळीची पिशवी खाली ठेवून ती त्याच्यासमोर कमरेवर हात देऊन उभी राहायची. "दोन पोरं दिलीस, ठीक. नवरा उचललास, तुझी मर्जी. पण या पोराचं डोकं ताळ्यावर आणायचं काम तरी तू कर ना! सगळं मीच करू?" रिक्षावाले वळून बघायचे. तिला फिकीर नव्हती. भांडून झालं की ती क्रुसावरची सुकलेली फुलं काढायची, ताजी ठेवायची आणि तरातरा घरी जायची.

आम्ही तिच्या माडीवर भाड्याने राहायचो. आम्ही सावंत, गणपतीवाले. ती पिढ्यान्पिढ्या इथलीच ख्रिस्ती. खाली तिचं शिलाई मशीन दिवसभर खडखडायचं. चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या विधीला मुली घालतात ते पांढरे झगे अख्खं गावठाण तिच्याकडून शिवून घ्यायचं. मी एकदा विचारलं, "मावशी, देवाला असं बोलतात का गं?" दातांनी दोरा तोडत ती म्हणाली, "अनोळखी माणसाशी कोण भांडतं, बाय? विश्वास आहे म्हणून आवाज चढतो."

तिचा नवरा विल्सन साकीनाक्याला खड्ड्यात बाइक घसरून गेला. डॅरिल तेव्हा चौदाचा होता, शॅरन बाराची. महिन्याने घरी प्रार्थना ठेवली. ती संपल्यावर प्रार्थनामंडळाच्या प्रमुख बाई पोरांना जवळ घेऊन गोड आवाजात म्हणाल्या, "देवाला आवडलेली फुलं तो लवकर खुडतो." डॅरिल म्हणाला, "मग तुमच्या घरी का नाही आला खुडायला?" मावशीने सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. माणसं गेल्यावर मी स्वयंपाकघरात डोकावले, तर ती भांडी आपटत होती. "बोलला ते बरोबरच बोलला! पण ते मी बोलायला पाहिजे होतं. पोरावर का वेळ यावी?"

डॅरिलने चर्च सोडलं. दोन वर्षांनी त्याचं दृढीकरण आलं. लहानपणी आईबापांनी दिलेला धर्म पोरं बिशपसमोर आपल्या तोंडाने कबूल करतात, तो हा संस्कार. डॅरिलने साफ सांगितलं, "मला ते खरं वाटत नाही, मम्मी. बिशपसमोर खोटं बोलू?" घरात नुसता आगडोंब. मावशी त्याच्यापुढे ताट आदळायची. "देव नको, मग देवाच्या अन्नाला हात कशाला लावतोस?" तो उठला की दार अडवून उभी. "बस खाली! तोंड बोलायला बंद, जेवायला उघड." ती स्वतः मात्र तेवढ्या दिवसांत धड जेवली नाही. सकाळी चर्चमध्ये मिस्साला जायची आणि डोळे सुजवून परत यायची.

मग त्याच बाई पुन्हा आल्या. मी ब्लाउजचं माप द्यायला खाली उभी होते. "मॅगी, पोरात काहीतरी शिरलंय. त्याला आमच्याकडे पाठव. सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू."

मशीन थांबलं. "त्याचा बाप गेलाय. तेच शिरलंय," मावशी म्हणाली. "तुम्ही सगळ्या आलात, चहा प्यायलात, फुलाची गोष्ट सांगून गेलात. माझं पोर देवासमोर खोटं बोलायला तयार नाही. माझ्या देवाला ते चालतं. तुला चालत नसेल तर ऊठ."

बाई उठल्या, आणि गावठाणभर बोलत सुटल्या. पुढच्या वर्षी झगे शिवायला मोजक्याच आया आल्या. त्या बायकांची मला आजही चीड आहे. रोज त्याच क्रुसापुढे हात जोडणाऱ्या बायका एका विधवेचं काम तोडतात आणि वर तिच्याच पोरासाठी प्रार्थना करतात! डॅरिलविना झालेल्या त्या दृढीकरणाच्या रविवारी मावशी शॅरनला घेऊन पहिल्या बाकावर जाऊन बसली. शॅरन सांगायची, सगळ्यांच्या नजरा पाठीत घुसत होत्या आणि मम्मी सगळ्यांत मोठ्याने गात होती.

आता माझी मुलगी पंधराची आहे. "तुझा देव तुझ्याकडे ठेव," म्हणून ती धाडकन दार लावते. माझा हात उठतो. मग आठवतं, मावशी ओरडली, रडली, पण तिने पोराला कुणाच्या हवाली केलं नाही. मी हात खाली घेते. राग जात नाही, पण जेवायला हाक मारते.

गेल्या वर्षी मावशी आजारी पडली. नजरही गेली होती. डॅरिल सुट्टी टाकून घरी बसला. मी भेटायला गेले तर तो उशाशी बसून स्तोत्रं वाचत होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मानायला लागलास का रे?"

"नाही गं ताई. पण तिला ती माझ्याच आवाजात ऐकायची असतात."

महिनाभरात ती गेली. चर्चमध्ये मिस्सा संपला, शवपेटी उचलायची वेळ आली, तेवढ्यात त्या बाईंनी डॅरिलचे दोन्ही हात धरले. डोळे पुसत, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघ, आईच्या प्रार्थनेने शेवटी तुला देवाकडे आणलंच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुढे सरसावले होते, पण डॅरिलने शांतपणे हात सोडवून घेतले.

"आंटी, मी मम्मीकडे आलोय," तो म्हणाला, आणि वाकून त्याने पेटी खांद्यावर घेतली.