सासूबाईला इचारलं का?

भिंतीतला दगड काढण्याआधी भिंतीची परवानगी मागणारा माणूस मी एकच पाहिला: तुळजापूरचे आमचे घरमालक काका. आमच्या घराण्यात मेंढरांमागून उठून कॉलेजात गेलेला पहिला मी, हे मी आजही छाती काढून सांगतो. पण ती पदवी काकांच्या माडीवरच्या खोलीत राहून आणि काकींच्या हातच्या भाकरी खाऊन मिळाली. त्या भाकरी काकी खाली, धुरानं काळ्या पडलेल्या स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून थापायच्या. गुडघे गेलेले, उठताना भिंत धरून देवीचं नाव घ्यायच्या. उभ्यानं स्वयंपाक करायला एक ओटा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

काकांनी ते मनावर घेतलं आणि ओट्यापायी निजामाच्या काळातलं अख्खं दगडी घर दुरुस्तीला काढलं. इंजिनिअर म्हणाला, जुन्या-नव्याचा मेळ घालू. काका म्हणाले, "दगडी भिंत सासू, नवी फरशी सून. दोघींचं पटलं पाहिजे." तेव्हापासून गवंड्यानं छिन्नी उचलली की मागून आवाज यायचा, "सासूबाईला इचारलं का?" भिंत फोडायची नाही म्हणून विजेची बटणं दिव्याच्या कोनाड्यात बसली. माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या सवण्यावर काच आली, तेव्हा काका दिवसभर खाली खुर्ची टाकून ऊन पडतंय का बघत बसले आणि संध्याकाळी म्हणाले, "पटायलंय दोघींचं." ओट्याचं माप घ्यायला मात्र त्यांनी काकींनाच भिंतीशी उभं केलं आणि कोपराजवळ कोळशानं रेघ ओढली. काकी बुटक्या. पिठाचे हात वर धरून म्हणाल्या, "ओटा बांधायलात का पोलकं शिवायलात?"

फरशी यायच्या आत काकी गेल्या. तापाचं निमित्त झालं. काम बरेच दिवस थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा इंजिनिअर हळूच म्हणाला, "काका, ओटा आता उंच घेऊ. वापरणारे तुम्हीच." काका चांगले ताडमाड.

"रेघ दिसायलीय न्हवं?" एवढंच बोलले.

परवा गेलो तर चहा करत होते, कमरेतून वाकून, एक हात पाठीवर. मी म्हटलं, "काका, दोन विटा चढवून घ्या की."

"ती जन्मभर भिंत धरून उठली," ते कप पुढं करत म्हणाले. "मी जरा वाकलो तर काय झालं?"

सवण्यातून ऊन खाली पडलं होतं. घर पुरं झालं आहे. ओटा काकींच्या कोपराबरोबर आहे.