नायलॉनची ओढणी आणि सुरू न झालेलं घड्याळ

माझ्या नायलॉनच्या ओढणीमुळे मशीन बंद पडलं, असं ऑफिसात ठरून गेलं होतं. रामदासपेठेतल्या त्या लहानशा कॉम्प्युटर कंपनीत मी एकटीच मुलगी होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. सोमवारी पहिल्यांदाच मी एकटीने गिऱ्हाइकाला द्यायचं मशीन सुरू केलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला, एक अक्षर उमटलं नाही.

"काहून वं पोरी, ओढणी लागली न बोर्डाले?" बोर्ड जोडणारे काका म्हणाले. "नायलॉनमधी करंट राहते. चपला बाहेर काढून काय फायदा मग!"

सगळे हसले. कंपनी चालवणारे सर हसले नाहीत. "शनिवारपर्यंत चाललं नाही, तर टायपिंगला बसा."

कॉन्व्हेंटात शिकलेली मी. मराठीत भांडता येत नव्हतं, आणि इंग्रजीत भांडले असते तर आणखीच हसले असते. मला मशीनच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. काकांनी दोनदा बोर्ड बदलला. पडदा काळाच.

त्याच सोमवारी, मी मशीन सुरू करण्याआधी, सरांनी केर्नेलमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, स्वतः एक भर घातली होती: पडद्यावरच्या प्रत्येक ओळीपुढे वेळ छापायची. ते कुणालाच आठवलं नाही. सरांचं काम तपासायची तिथे रीतच नव्हती. ओढणी मात्र सगळ्यांना दिसली.

मी केर्नेलचे छापील कागद मांडीवर घेऊन वाचत राहिले. गुरुवारी सापडलं. वेळ छापण्याआधी प्रोग्राम घड्याळाच्या पुढच्या ठोक्याची वाट बघत होता, आणि पहिली ओळ छापताना मशीनचं घड्याळ सुरूच झालेलं नसायचं. ठोका येणार कुठून? रागाने माझे कान तापले. चार दिवस!

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवर बसून मी दुरुस्ती केली: घड्याळ सुरू होईपर्यंत थांबू नको, वेळेच्या जागी शून्य छाप. मग ती फ्लॉपीवर घेऊन बंद मशीनमध्ये घातली आणि ते सुरू केलं. आधी शून्यांच्या ओळी आल्या, मग खऱ्या वेळेच्या.

सर येऊन वाकून बघू लागले. "ही शून्यं बरी दिसत नाहीत, काढा. आणि गिऱ्हाइकाला सांगू, बोर्ड खराब होता."

"बोर्ड चांगला होता, सर." मी म्हणाले. "शून्यं काढणार नाही. त्या ओळी येतात तेव्हा घड्याळ सुरू नसतं."

मग काका हळूच म्हणाले, "ओढणी तर आजही तीच हाये न?"

टायपिंगला मला कुणी बसवलं नाही. माफीही कुणी मागितली नाही. पुढचा आठवडाभर मी तीच ओढणी घालून गेले, मळली तरी.