ओदार्काचे रानउंदीर

ओदार्काएवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. बावीस वर्षं तिला गाडीतून चेर्नोबिलच्या बंद पट्ट्यात नेणारा ड्रायव्हर मीच, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. संस्थेच्या कागदावर ती नुसती मदतनीस. पण अणुभट्टी फुटल्यावर उठवलेल्या गावांत रानउंदीर पकडावेत तर तिनेच. उंदीर पकडायचा, यंत्रात ठेवून अंगातलं सीझियम, म्हणजे भट्टीतून उडालेलं किरणोत्सारी विष, मोजायचं, वहीत लिहायचं आणि जिथला तिथे सोडायचा. एकदा मी म्हटलं, "एखादा आकडा अंदाजाने लिहिलास तर कोण बघतंय?" आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

वेर्बिवका हे तिचं स्वतःचंच उठलेलं गाव. तिथल्या दफनभूमीतल्या सापळ्यांत सापडणारे उंदीर दर वर्षी इतरांपेक्षा निम्मेच विषारी निघत. माती तीच, गवत तेच. संस्थेचे डॉक्टर झाखार हरखून गेले. "ताई, हे उंदीर विष पचवायला शिकलेत! नऊ वर्षांचे आकडे आहेत आपल्याकडे. जगभर छापून येईल."

गाडीत बसल्यावर ती पुटपुटली, "शिकले कसले डोंबल! माझ्या आईच्या वाटचं खाऊन बसलेत."

आमच्याकडे ईस्टरनंतरच्या रविवारी उठून गेलेले गावकरी परत येतात, आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी चादर अंथरून जेवतात आणि गेलेल्यांच्या वाटचा गोड पाव, गव्हाची खीर, रंगवलेली अंडी तिथेच ठेवून जातात. सगळं बाहेरचं, स्वच्छ अन्न. आमचे सापळे लागायचे नेमके पुढच्या आठवड्यात, कारण त्या रविवारसाठी रस्ता साफ केलेला असायचा. चार-पाच दिवस चांगलं खायला मिळालं की रानउंदराच्या अंगातलं विष निम्म्यावर येतं. नऊ वर्षं हे आमच्या डोक्यातच आलं नाही. गेलेल्यांचं जेवण कोणी मोजणीत धरतं का?

तिने हे सांगितलं, पण डॉक्टरांना पटेना. "चार पावांनी काय होतंय, ताई?"

"मग एक वर्ष काहीच ठेवायचं नाही. बघू."

बोलायला सोपं. तिची आई सात वर्षांची असताना मोठ्या उपासमारीत दोन भावंडं गमावून जगली होती. मरताना तिचं एवढंच मागणं होतं, "मला गावात पुर, आणि उपाशी ठेवू नकोस."

त्या रविवारी ओदार्का दफनभूमीच्या फाटकात उभी राहून येईल त्याला, यंदा थडग्यावर काही ठेवू नका, असं सांगू लागली. गावातले सगळ्यात म्हातारे पनास आजोबा उसळलेच. "तुझ्या उंदरांपायी मी माझ्या बापाला उपाशी ठेवू? लाज वाटते का काही?"

"वाटते, आजोबा. म्हणून पहिली उपाशी राहील ती माझी आई."

ती आईच्या थडग्यापाशी बसली. पाव मोडला, अंडं सोललं आणि सगळं स्वतः खाल्लं, आईच्या वाटचंसुद्धा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने ताटलीत कण ठेवला नाही. चादरसुद्धा फाटकाबाहेर नेऊन झटकली. मला तिथे उभं राहवेना. पनास आजोबांनी शिव्या देत देतच बापाची ताटली पिशवीत कोंबली. मग बाकीच्यांनीही आपापलं आवरलं.

पुढच्या आठवड्यात छप्पन्न उंदीर मोजले. सगळे जंगलातल्या उंदरांइतकेच विषारी.

डॉक्टरांनी वही मिटली. "नऊ वर्षं पाण्यात गेली, ताई."

"पाण्यात का? खरं काय ते कळलं की. तेच लिहा."

त्यांनी लिहिलं. जगात कुणी त्याची दखल घेतली नाही. ओदार्काने सापळ्यांची रांग तळ्यापलीकडे, दफनभूमीपासून तीन किलोमीटर लांब नेली आणि पहिल्या पानापासून नवी वही सुरू केली. तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती.

पुढच्या ईस्टरनंतर तिची पिशवी मलाही उचलवेना. थडग्यावर तिने दोन पाव, चार अंडी आणि दोन वाट्या खीर मांडली.

पनास आजोबांनी टोमणा मारलाच. "एवढं कुणाला गं? उंदरांना मेजवानी?"

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. थडग्यावरची माती हाताने सारखी करत म्हणाली, "आई, पोटभर जेव. मागच्या वर्षीचंही आहे यात."