नव्या कोटाची उलटी बाजू

"कापलास? अगं, त्याचं लेबलसुद्धा निघालं नव्हतं."

"लेबल जपून ठेवलंय. आणि आधी उसवला, मग कापला. मी काय रानटी आहे?"

"आई, नवा होता तो."

"म्हणून तर तुझ्या पोरीला आख्खा कोट निघाला. वर एक टोपी."

उद्या लेकीच्या ऑफिसात समारंभ होता. ती शाखेची मुख्य झाली होती. आईने पहिल्या रांगेत बसायचं होतं, हा निळा कोट घालून. आठवड्यापूर्वी लेकीने तो आणून दिला, तेव्हा आई "छान आहे हो" म्हणाली होती आणि शिवण किती पक्की आहे ते नखाने तपासत बसली होती.

गल्लीत तिला चिंधीमावशी म्हणत; तोंडावर नुसतं मावशी. नवरा गेला तेव्हा लेक चार वर्षांची होती. मावशी इस्पितळात कपडे धुण्याच्या कामाला लागली. बाद झालेले पडदे नि चादरी बायका फडक्यांना नेत, हिने त्यांतून लेकीचं अख्खं बालपण शिवलं. कापड उसवायचं आणि उलटवायचं, ही तिची रीत. बाहेरची बाजू विटते, आतली बिचारी तशीच कोरी राहते, असं ती सांगायची. वर्गातल्या मुली लेकीला विचारत, आज कुठल्या वॉर्डातून आलीस? लेक घरी त्याबद्दल ताकास तूर लागू देत नसे. पोर समजूतदार आहे, असं आईला वाटे.

आता लेकीने मशीनवरचा छोटा कोट उचलला, दिव्याखाली धरला आणि विचारलं, ही कुठली बाजू वर घेतलीस?

मावशीने चष्मा लावला. अंगठा फिरवला. दाट, मऊ लव अस्तराखाली गेली होती. बाहेर आली होती कापडाची खरखरीत पाठ. चाळीस वर्षं हेच करत आलेल्या हातांनी न विचारताच उलटवलं होतं. नव्या कापडाची चांगली बाजू वरच असते, हे त्या हातांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"उसवते परत," ती पुटपुटली.

जित्याची खोड, असं म्हणून लेक हसली. मग तिने खुंटीवरच्या आईच्या जुन्या कोटाकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही कोपरांना इस्पितळाच्या पडद्याची ठिगळं होती. उद्या मोठे साहेब येणार, त्यांच्या बायका येणार, सगळे बघणार, असं काहीबाही ती बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "तू नकोच येऊस. मी सांगेन बरं नाही म्हणून."

मावशीने तोंडातल्या टाचण्या काढून एकेक करून डबीत ठेवल्या.

"एवढं सांग. तो कोट तू मला आणला होतास, की माझ्यावर घालायला झाकण आणलं होतंस?"

लेकीने खुर्चीवरची पर्स घेतली, चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरून गेली.