वर मारायचा नाही

मलकापुरात काही वर्षं मी फुटबॉलमध्ये सेंटर फॉरवर्ड होतो. हे वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर स्टेडियम आलं असेल तर त्यानं ते आधी घालवावं. आमचं मैदान म्हणजे जिनिंग फॅक्टरीमागची मोकळी जागा. कापसाच्या हंगामात तिथं बैलगाड्या सोडलेल्या असत आणि बैल आमच्या पेनल्टी एरियात रवंथ करत बसत. हंगाम सरला की शेण उचलून आम्ही खेळाडू व्हायचो. महाराष्ट्र नुकताच झाला होता, जो तो काहीतरी व्हायच्या घाईत होता.

मला वांग्यांपासून सुटायचं होतं. वडिलांचा भाजीचा मळा होता आणि त्यात मुख्य पीक वांगं. त्याच्या काट्यांचा, त्याला पाणी देण्याचा, त्याच्या भाजीचासुद्धा मला मनापासून तिटकारा होता.

"लाथा मारून पोट भरते काय बे?" वडील विचारायचे.

"भरते. रेल्वे नोकरी देते खेळणाऱ्याले," मी सांगायचो.

आता मुख्य अडचण. आमच्या एका गोलच्या मागे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे रेल्वेचा रूळ. तिथं उघड्या डब्यांची मालगाडी उभी असायची. एकदा कुणीतरी बारवरून मारलेला बॉल थेट डब्यात पडला आणि आम्ही कुंपणाखालून सरपटत पोचेस्तोवर मालगाडी त्याला घेऊन नागपूरकडे निघूनही गेली. नवा बॉल मिळेपर्यंत आम्ही चिंध्यांच्या गोळ्याला लाथा घालत होतो. तेव्हा आमच्या कप्तानानं जाहीर केलं, "यापुढं ज्यानं बॉल वर मारला त्याची तंगडी कापतो मी." कप्तान फॅक्टरीत फिटर होता. हत्यारं त्याच्याजवळ होती, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही.

तेव्हापासून आमचे सगळे फटके जमिनीला घासून जायचे. आमच्या गोलकीपरनं तर उडी मारणं सोडूनच दिलं, तो आडवा पडूनच खेळायचा. मी शेगावच्या टीमवर गोल केले तेही नडगीच्या खालून. बघायला जमलेले शेतकरी माझी वाहवा करत आणि मी छाती काढून फिरत असे.

मग भुसावळला रेल्वेच्या टीमसाठी खेळाडू निवडणार असल्याची बातमी आली. कप्तान स्वतःचे बूट मला घालून पॅसेंजरनं घेऊन गेला. तिथं गोलला खरी जाळी होती. मी तिला हात लावून पाहिला.

खेळ छान चालला होता. शेवटी शेवटी बॉल माझ्याकडे आला, बॅक मागे राहिले, गोलकीपर धावत पुढं आला आणि घसरून माझ्यासमोर सपशेल आडवा झाला. त्याच्यावर अख्खा गोल मोकळा. बॉल नुसता उचलायचा होता. आमच्या मैदानावरच्या एखाद्या बैलालाही जमलं असतं. पण मला दिसला तो बार, आणि त्याच क्षणी लांब कुठंतरी इंजिनानं शिटी दिली. पाय आपोआप खाली गेला. बॉल घरंगळत गोलकीपरच्या पोटाशी पोचला आणि त्यानं पडल्या पडल्या तो कुशीत घेतला.

निवड करणाऱ्या साहेबांनी जांभई दिली.

परतीच्या गाडीत बोदवड आलं. मग कप्तान म्हणाला, "होते असं." त्यानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्या दोन शब्दांनी मला रडू फुटलं. कप्तान खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळभर वांग्यांना पाणी दिलं आणि संध्याकाळी मैदानावर गेलो. मालगाडी उभी होती. मी बॉल गोलसमोर ठेवला, मागे सरलो आणि असेल नसेल तेवढा राग पायात आणून खालून लाथ घातली. बॉल बारवरून गेला, कुंपणावरून गेला आणि डब्यात धप्पकन पडला. थोड्याच वेळात मालगाडी हलली, या खेपेला भुसावळकडे.

कप्तान माझ्याकडे चालत आला. मी डोळे मिटून पाय पुढं केला.

बराच वेळ काहीच झालं नाही म्हणून डोळे उघडले. तो पायाकडे बघतही नव्हता, लांब जाणाऱ्या डब्याकडे बघत होता.

"हेच तिकडं माराले काय झालतं बे तुले?"